उंबरठ्यावरचे अंडे

आमच्या घरात पहिले अंडे आले ते 1957 साली, आणि तेही परसदाराने. मी नऊ वर्षांचा होतो. विषमज्वरातून नुकता उठलेला. हाडे मोजून घ्यावीत अशी अंगकाठी. डॉक्टरांनी अंडे सांगितले. वडिलांनी ते कोटाच्या खिशातून, चोरीचा माल आणावा तसे आणले. स्टोव्ह परसात नेऊन आईने ते उकडले. आजी देवघरात माळ ओढीत बसली होती. तिने काही विचारले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ते पातेले राखेने लख्ख घासून तुळशीमागच्या कोनाड्यात ठेवलेले दिसले. ते पुन्हा स्वयंपाकघरात आले नाही.

कोल्हापूर म्हटले की परगावच्या पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण याच गावात शुक्रवार पेठेत जैन मठ आहे आणि दिवेलागणीपूर्वी पाने उचलणारी घरेही आहेत. शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार वसतिगृहांना हात दिला. आधी मुले शिकू देत, पंगतीचे मागाहून पाहू, असा त्यांचा हिशेब असावा. ती पंगत पुढे मांडली ती कुंभोजला जन्मलेल्या, जैन घराण्यातल्या भाऊराव पाटलांनी. 1924 साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव दिले.

गांधीजींनी तर अंड्याचा वाद स्वतःच्या पोटातच लढवून पाहिला होता. विलायतेत शिकताना त्यांना मांसाच्या तीन व्याख्या भेटल्या. त्यांतल्या पहिल्या दोन अंड्याला मोकळीक देणाऱ्या. त्या आधाराने त्यांनी अंडी खाल्लीही. मग ध्यानात आले की शपथ आईपुढे घेतली आहे, तेव्हा आईने जो अर्थ धरला तोच खरा. अंडी सुटली. परंतु 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर लिहिताना त्यांनीच म्हटले, की कोंबड्याच्या संगतीवाचून घातलेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही. जो दूध पितो त्याने अशा अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही.

हा मुद्दा आम्हा कोल्हापूरकरांच्या वर्मी बसतो! गंगावेशीत म्हैस पुढ्यात उभी करून पिळलेले फेसाळ दूध आम्ही पेल्यामागून पेला रिचवतो. रेडकाच्या वाट्याचे काय झाले, हे विचारीत नाही. अर्थात पिंजऱ्यातल्या कोंबडीचे अंडे निर्जीव असले तरी निष्पाप नव्हे. अंड्यांसाठी पोसायच्या जातीत नर पिल्लू निरुपयोगी ठरते आणि बहुधा जन्मताच मारले जाते. तेव्हा हिंसेचा काटा दोन्ही पारड्यांत हलतो. कायद्याने मात्र 2001 साली निकाल लावून टाकला: वेष्टणातल्या पदार्थात अंडे असेल तर मांसाहाराची तपकिरी खूण, दूध असेल तर हिरवी.

वाद पुन्हा पेटला तो नोव्हेंबर 2023 मध्ये. राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्यास केळे किंवा दुसरे फळ. विरोध झाला. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला; द्यायचेच तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने, केळ्यात जेमतेम 1. ज्याच्या घरी दूध, डाळ, शेंगदाणे आहेत त्याला हा फरक जाणवणार नाही. ज्याच्या घरी नाहीत, त्याच्या ताटातले अंडे माझ्या सोवळ्यासाठी का उचलले जावे, हे मला उमगत नाही. मी स्वतः त्या आजारानंतर अंडे खाल्लेले नाही. सवय म्हणा, आजीची भीड म्हणा.

आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी आईने एक गोष्ट सांगितली. त्या पहिल्या अंड्यानंतर महिनाअखेर होती आणि वडिलांचा हात आखडला होता. पुढच्या आठवड्याच्या अंड्यांचे पैसे आजीने कनवटीचे सोडून दिले होते. फक्त, पातेले तेच वापर, एवढे बजावले होते.