उलट्या घड्याळाची कचेरी

सरकारी कचेरीतलं घड्याळ बहुधा पाच-दहा मिनिटं मागे असतं, आणि त्याची कुणाला फिकीरही नसते. कोकण रेल्वेचं बांधकाम सुरू होतं तेव्हा तिच्या कचेऱ्यांमध्ये आणखी एक घड्याळ होतं. ते किती वाजले हे सांगायचंच नाही. काम पुरं व्हायला किती दिवस उरलेत, एवढाच आकडा त्यावर असायचा आणि रोज एकाने कमी व्हायचा. साहेबाच्या खोलीत शिरणाऱ्या कंत्राटदाराला त्या आकड्याकडे बघूनच बोलायला सुरुवात करावी लागे.

आजकाल मोठं काम निघालं की पहिल्यांदा ‘पीएमओ’ उघडतात. पंतप्रधानांचं नव्हे, प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस. सल्लागार येतात, हिरव्या-पिवळ्या-लाल ठिपक्यांचे तक्ते भिंतीवर चढतात आणि दर आठवड्याला आढावा होतो. कोकण रेल्वेचा उलटा प्रकार होता. तिथे कामासाठी कचेरी काढली नव्हती, कचेरी हीच संस्था होती.

तशी संस्था काढायची वेळ का आली, हे कोकणातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. बॅ. नाथ पै आणि नंतर मधु दंडवते लोकसभेत या रेल्वेसाठी भांडत राहिले. रूळ रोह्याला पोचले तेव्हा 1986 साल उजाडलं होतं. दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून चमचा-चमचा पैसा मिळून पुढचा सह्याद्री कधी फुटणार? 1989च्या अखेरीस जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, तेव्हा जमून आलं. 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन ही कंपनी नोंदली गेली. भागभांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकीचा पैसा रोख्यांतून बाजारातून उभा करायचा. अध्यक्ष म्हणून आले रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेले ई. श्रीधरन.

श्रीधरन यांनी मुख्यालय बेलापूरला ठेवलं, पण अधिकार तिथे साठवले नाहीत. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सुमारे 740 किलोमीटरचे सात तुकडे पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येक तुकडा साधारण शंभर किलोमीटरचा आणि त्यावर एक चीफ इंजिनिअर. नदीकाठी उभा असलेला माणूस नदीचा निर्णय घेऊ शकत नसेल, तर भिंतीवरचं घड्याळ नुसतंच टांगलेलं राहतं. फाइल खालून वर आणि वरून खाली फिरवायला इथे कुणाला सवड नव्हती.

जमिनीचंच घ्या. सुमारे 42 हजार खातेदारांकडून जमीन घ्यायची होती. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना हा आकडा वाचूनच घाम फुटेल. एका आंब्याच्या कलमावर सात भावांची नावं, त्यातले चार मुंबईत, एकाचा पत्ता नाही! तरी बहुतेक जमीन वर्षभरात हाती आली. यात कंपनीच्या धावपळीइतकाच वाटा लोकांच्या वाट पाहण्याचा होता. गोव्यात मात्र तसं घडलं नाही. खाजण शेतीतून, जुन्या वस्तीजवळून जाणाऱ्या मार्गावरून वाद पेटला, काम थांबलं आणि चौकशी आयोग बसला. तिथे उरलेल्या दिवसांच्या आकड्याने कुणाचं समाधान होणार नव्हतं.

आणि दुसऱ्यांदा घड्याळ थांबवलं ते मातीने. एकूण 91 बोगदे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कठीण कातळातला होता, पण कातळ निदान आपल्या जागी उभा राहतो. खरा छळ झाला तो नऊ मऊ मातीच्या बोगद्यांत. वर जांभा आणि आत पाण्याने भिजलेली चिकणमाती. यंत्र लावलं की ती ट्यूबमधल्या पेस्टसारखी बाहेर यायची. मग हाताने खणायचं, आधार द्यायचा, पाऊस आला की पुन्हा ढासळलेलं उपसायचं. गोव्यातला पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा सगळ्यांत शेवटी हाती लागला. संपूर्ण बांधकामात 74 माणसं गेली, त्यातली 19 या नऊ बोगद्यांत. रत्नागिरीला त्यांचं श्रमशक्ती स्मारक आहे. गाडीतून उतरणारे फार थोडे तिकडे वळतात.

पाच वर्षांत पुरं करायचं ठरलेलं काम साडेसात वर्षांनी पुरं झालं. 26 जानेवारी 1998 रोजी सगळा मार्ग खुला झाला. खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला. चाकरमान्यांना याचा हिशोब नको होता, त्यांना गणपतीला गाडी हवी होती.

बांधणाऱ्या कचेरीने मग गाड्या चालवायला घेतल्या. ही वेगळी विद्या, आणि ती फार महागात शिकावी लागली. 22 जून 2003च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त प्रवासी मेले. पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर डोंगरउतार कापून सपाट करणं, दगडांवर जाळ्या बसवणं, उंच पुलांवर वारामापक बसवणं, हे सगळं वाढलं. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक, कमी वेग, आणि भर रात्री कंदील घेऊन रूळ तपासत चालणारा गस्तीवाला. खिडकीतून तो क्षणभर दिसतो, रेनकोटातला, डोंगराकडे तोंड केलेला. पेडण्याच्या बोगद्याने 2020 मध्ये आणि 2024 मध्ये पुन्हा वाहतूक अडवली. जुनी माती काही विसरलेली नाही.

दरम्यान या मंडळींच्या हाताला काश्मीर रेल्वेचं काम लागलं. चिनाब नदीपात्रापासून 359 मीटर उंचीवरचा पूल कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली उभा राहिला आणि जून 2025 मध्ये खुला झाला. बांधायचं काम समोर असलं की ही कचेरी अजूनही खुलते.

पण दुहेरीकरणाला, नव्या स्थानकांना लागणारा पैसा एवढ्या छोट्या कंपनीकडे कुठून येणार? भारतीय रेल्वेत विलीन व्हावं हा विषय म्हणूनच पुढे आला. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्यामागोमाग महाराष्ट्रानेही 2025 मध्ये संमती दिली. त्यात एक ठळक अट होती: विलीनीकरणानंतरही ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहिलं पाहिजे.