औषधाविषयी बोलू नये, असा नियम होता तेव्हा

१९५२ साल. अमेरिकेतील एका औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करते, बाटली घेते आणि सहज विचारते, "हे औषध नेमके कशावरचे?"

फार्मासिस्टने काय सांगावे? त्याच्या व्यवसायाच्या लिखित आचारसंहितेत याचे उत्तर होते. चिठ्ठीतील औषधाचा गुण काय, त्यात कोणते घटक आहेत, याविषयी रुग्णाशी चर्चा करू नये. तसे विचारल्यास डॉक्टरांकडे बोट दाखवावे. १९२२ च्या संहितेतही हाच दंडक होता. म्हणजे गप्प राहणे हा आळस नव्हता, शिष्टाचारही नव्हता. ती नीतिमत्ता होती.

आज औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी वॉर्डात रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहून "गोळी जेवणाआधी घेता की नंतर?" असे विचारतो. त्याच प्रश्नाबद्दल त्याच्या पणजोबांच्या पिढीतील फार्मासिस्टला ठपका बसला असता. हा उलटफेर कसा झाला, याची ही हकीकत.

मौनाचे मूळ जुने आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषधे करणारे यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले. दोघांनी भागीदारी करण्यासही मनाई केली. हेतू चांगलाच होता. औषध लिहिणाऱ्याला औषधाच्या विक्रीत वाटा असेल, तर चिठ्ठी लांबत जाते, हे त्या काळीही लोक ओळखून होते. पुढे १८५२ साली फिलाडेल्फियात अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशन स्थापन झाली आणि तिने स्थापनेबरोबरच आचारसंहिता स्वीकारली. तीतही डॉक्टरांशी कमिशनचे आणि गुप्त सूत्रांचे व्यवहार निषिद्ध मानले होते. मात्र याच सीमारेषेची दुसरी बाजू अशी, की काउंटरमागच्या माणसाने वैद्यकी करू नये, आणि रुग्णाशी औषधाविषयी बोलणे हीसुद्धा वैद्यकीच ठरली.

खल-बत्ता चालत होता तोवर हे खपून गेले. चूर्ण कुटणे, मलम घोटणे, काढे गाळणे यांतच फार्मासिस्टचे कसब होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांनी तयार गोळ्या पाठवायला सुरुवात केली आणि ते कसब रिकामे पडले. विरोधाभास पाहा : १९६० पासून अमेरिकेत फार्मसीची पदवी किमान पाच वर्षांची झाली, आणि पाच वर्षे रसायनशास्त्र, औषधशास्त्र घोकून बाहेर पडलेल्या तरुणाचे काम काय, तर मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत गोळ्या मोजून टाकणे.

त्याच १९६० साली व्हर्जिनिया राज्यातील बेरीव्हिल या लहानशा गावी युजीन व्हाइट नावाच्या फार्मासिस्टने आपल्या दुकानातील इतर माल काढून टाकला, तिथे दवाखान्यासारखी बैठक केली आणि प्रत्येक कुटुंबाच्या औषधांची नोंदपत्रिका ठेवायला सुरुवात केली. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला दोन डॉक्टरांनी परस्परविरोधी औषधे दिली आहेत, हे आता त्याला दिसू लागले. आणि एकदा दिसले, की गप्प कसे बसावे?

खरा पालट रुग्णालयात झाला. १९६६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील मॉफिट रुग्णालयात नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या वॉर्डांलगत, एक छोटी औषधशाळा उघडण्यात आली. तोवर फार्मसी म्हणजे तळघरातली खिडकी. आता फार्मासिस्ट डॉक्टर-परिचारिकांच्या शेजारी आले, रुग्णाची कागदपत्रे वाचू लागले, औषधांविषयीच्या शंकांना तिथेच उत्तरे देऊ लागले. त्यांच्यामागोमाग विद्यार्थीही वॉर्डात आले. या प्रयोगाशी संबंधित असलेले जेरे गोयन पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख झाले; त्या पदावर बसलेले ते पहिले फार्मासिस्ट.

विद्यार्थी वॉर्डात आला आणि नीतीचे प्रश्नच बदलले. प्रयोगशाळेत चुकले तर चंबू फुटतो. इथे त्याच्या हाती अनोळखी माणसाचे सारे खासगीपण येते : कोणाला कोणता आजार, कोणाला कसले व्यसन. ते लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये बोलायचे नाही. शिवाय तो अजून नोंदणीकृत नाही, हे त्याने रुग्णापासून लपवायचे नाही. पांढरा कोट पाहून रुग्णाने 'डॉक्टरसाहेब' म्हटले, तर ते ऐकून घेऊन सुखावायचे नाही. डोस चुकलेला दिसला तर रुग्णादेखत डॉक्टरांना खोटे पाडायचे नाही. पण उद्यावरही ढकलायचे नाही. मार्गदर्शक फार्मासिस्टला तत्काळ सांगायचे. यातले शेवटचे सर्वांत कठीण. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने वरिष्ठ सर्जनच्या अक्षराविषयी शंका काढायची, तीही नम्रपणे आणि वेळेत!

१९६९ साली असोसिएशनने संहिता बदलली. चर्चेवरची बंदी गेली आणि रुग्णाचे आरोग्य व सुरक्षितता यांना अग्रस्थान मिळाले.

कायदा मागून आला. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील अपील न्यायालयापुढे एक प्रकरण होते. अर्धशिशीने त्रस्त असलेल्या एका स्त्रीला अर्गटयुक्त औषध दिले गेले होते. या औषधाने रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून एका झटक्यात आणि एका आठवड्यात किती मात्रा घ्यायच्या, याला कमाल मर्यादा असते. चिठ्ठीवर ती मर्यादा नव्हती. दुकानानेही ती सांगितली नाही आणि औषध पुन्हा दिले. तिच्या पायाला कायमची इजा झाली. चिठ्ठी जशीच्या तशी बजावली, एवढ्यावर फार्मसीची सुटका झाली नाही. डॉक्टरांबरोबर तीही जबाबदार ठरली. १९२२ च्या दंडकाप्रमाणे वागणारा फार्मासिस्ट आता न्यायालयात दोषी ठरू शकत होता. १९९० च्या संघीय कायद्यानुसार १९९३ पासून सरकारी मेडिकेड योजनेतील रुग्णांना औषधाविषयी सल्ला देऊ करणे बंधनकारक झाले.

भारताची वाट निराळी. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात हे शिक्षण सुरू केले, तेव्हा देशाला गरज होती ती औषधे बनवणाऱ्या माणसांची. १९४८ चा फार्मसी कायदा झाला, पदव्या वाढल्या. पण विद्यार्थ्याची नजर कारखान्याकडेच राहिली. नव्वदच्या दशकात म्हैसूर आणि उटी येथील महाविद्यालयांनी त्याला रुग्णालयात नेले. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. त्यातले शेवटचे वर्ष पूर्णतः रुग्णालयात काढायचे : सहा महिने सामान्य वैद्यकात, उरलेले तीन अन्य विभागांत प्रत्येकी दोन महिने. शिक्षण आले, पण जागा मागे राहिली. बऱ्याच रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्ट असे पदच नाही. त्यामुळे 'हा कोण?' या प्रश्नाचे उत्तर देण्यातच प्रशिक्षणार्थीचे पहिले काही आठवडे जातात.

२०१५ च्या नियमांनी दुकानातील फार्मासिस्टवरही रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी टाकली. एरवी कोपऱ्यावरच्या 'मेडिकल'मध्ये चार गोळ्या मागितल्या, की कात्रीने पट्टी कापली जाते आणि औषधाचे नाव व मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो.