हाताचा गुण कुणाचा?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर आता फिजिओथेरपीची पाटी दिसली, तर कुणी थांबून बघत नाही. कंबर धरली, मान आखडली, गुडघा कुरकुरला की माणसं तिकडे वळतात. एकेकाळी मिठागरांसाठी ओळखलं जाणारं हे भाईंदर. मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहणाऱ्या बायकांची पाठ तेव्हाही दुखतच असणार. मग त्यांची पाठ कोण चोळत होतं? आज आपण हाताने दुखणं हलकं करण्याच्या विद्येचा इतिहास बघू. तो बराचसा बायकांच्याच हातांचा इतिहास आहे.

अंगाला तेल लावण्याला आपल्याकडे अभ्यंग म्हणतात. चरकसंहितेत त्यासाठी साधे दाखले दिलेत. तेल मुरलेला घडा, तेल दिलेलं कातडं, वंगण घातलेला गाडीचा आस जसा टिकतो, तसं तेलाने शरीर टिकतं. दिवाळीतलं अभ्यंगस्नान त्याच परंपरेतलं. घरात काशाच्या वाटीने तळपाय घासायचे, उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा, हेही आपण ऐकलेलं, पाहिलेलं.

पण या विद्येची खरी जागा होती बाळंतिणीची खोली. सुईण सव्वा महिना रोज यायची. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, बाळंतिणीची कंबर चोळायची, शेक द्यायची. कुठे किती दाब द्यायचा, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आईकडून, सासूकडून हातात उतरलेलं ते ज्ञान. त्याचं मोल काय मिळालं? लुगडं, नारळ, पायलीभर धान्य. बऱ्याच गावांत सुईण खालची मानलेल्या जातीतली असायची. अडल्या वेळी तिचा हात हवा, पण एरवी तिला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, असा आपल्या समाजाचा न्याय होता. गुणाला 'हातगुण' म्हटलं, विद्या म्हटलं नाही.

मालिशीच्या कामाकडे वाकड्या नजरेने बघणं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. १८९४ साली लंडनमध्ये मालिशीच्या नावाखाली गैरप्रकार चालतात, अशी ओरड झाली. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांचंही नाव त्यात बदनाम होऊ लागलं. तेव्हा चार बायका एकत्र आल्या. त्यांतल्या रोझलिंड पॅजेट स्वतः प्रशिक्षित सुईण होत्या. या चौघींनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. परीक्षा ठेवली, नियम केले, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच उपचार करायचे असं ठरवलं. पुढे १९२० मध्ये त्यांच्या संस्थेला राजसनद मिळाली. ब्रिटनमधली आजची फिजिओथेरपीची संस्था त्यातूनच वाढली. आपल्या बचत गटांना हे ओळखीचं वाटेल. एकटीचं कुणी ऐकत नाही, चौघींनी मिळून नियम केले की ऐकावं लागतं.

ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ केनी नावाची परिचारिका होती. त्या काळी पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय फळ्यांना बांधून ठेवत. केनीबाईंनी गरम ओल्या लोकरीच्या घड्यांनी शेक दिला आणि हाताने स्नायू हळूहळू हलवायला घेतले. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना विरोध केला. पण पुढे बांधून ठेवण्याची ती पद्धत मागे पडली.

आता मुंबईकडे येऊ. स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारासाठी त्या मद्रासपर्यंत गेल्या. मुलीला आराम पडला, तेव्हा ज्यांना एवढा प्रवास परवडत नाही त्या आयांनी काय करायचं, हा प्रश्न त्यांनी धरला. १९४७ मध्ये चौपाटीजवळ त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्या कामातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच काळात, १९५३ साली, परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या पाट्यांची मुळं तिथे आहेत. पोलिओ आता देशातून गेला, २०१४ मध्ये तसं प्रमाणपत्रही मिळालं. पण त्याच्याशी झुंजताना आलेली विद्या आपल्या कंबर-गुडघ्यांच्या कामी येते आहे.

चोळल्याने दुखणं कमी का वाटतं? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी त्याचं एक कारण मांडलं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागतं. स्पर्शाचा निरोप तिथे पोचला की ते दार थोडं लोटलं जातं. लेकराला लागलं की आई चटकन तिथे हात फिरवते, ते उगाच नाही.

तरी हातालाही मर्यादा आहे. मोडलेलं हाड चोळायचं नाही. बाळंतिणीची एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर मालिश थांबवून दवाखाना गाठायचा, आत रक्ताची गाठ असू शकते. गरोदर बाईचं पोट दाबायचं नाही. बाळाच्या नाका-कानात तेल घालायचं नाही. पाठदुखीबरोबर पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबायचं नाही.

आणि उपचार करणारा शिकलेला आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. फिजिओथेरपीसाठी राज्याने २००२ साली आणि केंद्राने २०२१ साली कायदा केला आहे. नोंदणी विचारणं हा आपला हक्क आहे.

शेवटी एक काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला बोलवा. मानाने बसवा. तिच्या हाताला काय काय कळतं, ते वहीत लिहून घ्या, आणि तेच आशाताईंना, नर्सताईंना दाखवा. चांगलं ते ठेवू, धोक्याचं ते सोडू. दिवसभर खुरपणी करून, पाणी वाहून वाकलेली आपली पाठ 'बाईमाणसाचं चालायचंच' म्हणून सोडून देण्यासाठी नाही. ती दुखते, हे आधी आपण मोठ्याने म्हणू या.