तांबड्या मातीचा मुलूख

हैदराबादेतील विद्यानगरात घराचा पाया खणताना तांबड्या मुरुमाखाली कुदळीला जो खडक लागतो, तो ग्रॅनाइट होय. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे. मराठवाड्यातून येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या मूळ गावी मात्र बहुधा काळा पाषाण असतो; तो लाव्ह्याचा, अवघ्या साडेसहा कोटी वर्षांचा! जुन्या हैदराबाद संस्थानाचे हे दोन भाग. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरात मराठवाडा हा गहू-कापसाचा आणि तेलंगण हा भात-तलावांचा प्रदेश म्हणून वर्णिला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, तेव्हाची सीमा बऱ्याच अंशी मातीच्या या सीमेच्या आसपासच राहिली. अर्थात मातीने भाषा ठरविली असे कोणी समजू नये. बीदरचा जांभा या हिशेबात कोठेच बसत नाही.

काळी जमीन ओल धरते, म्हणून पाऊस सरल्यावरही तीत रब्बीची ज्वारी उभी राहते. तांबड्या 'चलका' जमिनीला ती शक्ती नाही. पाऊस उघडताच तिच्यावर पापुद्रा धरतो, आणि खालचा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. तेव्हा वाहते पाणी बांध घालून अडविणे, हाच काकतीय राजांच्या काळापासूनचा उपाय. सोळाव्या शतकातील हुसेनसागर याच परंपरेतला. विद्यानगराला लागून असलेल्या नल्लाकुंटा वस्तीच्या नावातला 'कुंटा' म्हणजेही लहान तळे.

अशा माळाला आपण सरसकट पडीक म्हणतो. त्यावर वाढणारा तरवड गुरे सहसा खात नाहीत, अवर्षणात तो तग धरतो, आणि त्याच्या सालीने चांभारांच्या कित्येक पिढ्यांनी कातडी कमावली. (याच टेकड्यांवर रानोमाळ दिसणारे सीताफळ मात्र पाहुणे, मूळचे अमेरिकेचे.) दसऱ्याला आपण आपट्याचे सोने लुटतो, येथे तो मान शमीच्या पानांना. २०१४ मध्ये नव्या तेलंगण राज्याने शमीला राज्यवृक्षाचा आणि तरवडाला, म्हणजे तेलुगूतील 'तंगेडु'ला, राज्यपुष्पाचा मान दिला. बतकम्मेच्या सणात स्त्रिया हीच पिवळी फुले थरावर थर रचून मांडतात. पूर्वी ती माळावरून खुडून आणीत. शहरातला माळ आता इमारतींखाली गेला आहे. सणाच्या दिवसांत खेड्यांतून फुलांचे भारे येतात आणि ती बाजारात विकत घ्यावी लागतात.