टहाळ कधी तोडायचा?

मागच्या डिसेंबरात एका शनिवारी बाल्कनीतल्या मोगऱ्याची छाटणी केली. मोगरा थंडीत छाटावा, म्हणजे उन्हाळ्यात नव्या फुटव्यांवर फुलं येतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी दोन पुस्तकं चाळली आणि तिघांना फोन केले! दुसऱ्या दिवशी मुरबाडकडे ट्रेकला गेलो तर एक काका ऐनाच्या झाडावर चढून सपासप फांद्या तोडत होते. म्हटलं, "काका, झाड मरेल ना?" ते वरूनच हसले. "शेंडा ठेवलाय ना! पावसात फुटंल परत."

हा टहाळ राबासाठी. शहापूर-मुरबाडकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, वाळका टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर रचून उन्हाळ्यात तो जाळतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेतून पोटॅश मिळतं. पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचा. टहाळ थंडीत तोडायचा, कारण पानं तेव्हा झाडावर असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऐन ती टाकूनच देणार. म्हणजे झाडाला जे नकोसं होणार तेच आधी घ्यायचं. काय हिशेब आहे बघा!

आता इतिहास. भातखाचराला जोडून वरकस जमीन असायची. तिथली झाडं राबाला उपयोगी पडायची. पण १८७८ चा वन कायदा आला आणि जंगलातल्या फांदीला हात लावणं हा गुन्हा ठरू शकायला लागला. वनखात्याचं म्हणणं, दरवर्षी टहाळ तोडून झाडं खुरटतात, लाकूड मिळत नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर खायचं काय? ठाणे जिल्ह्यात ओरड इतकी वाढली की १८८५ मध्ये सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. मुद्द्यांमध्ये राब होताच. १८९३ मध्ये व्होएल्कर या इंग्रज रसायनतज्ज्ञाचा भारतीय शेतीवरचा अहवाल निघाला. त्यातही राबाची चर्चा आहे. म्हणजे ज्याला अडाणी रूढी म्हणायचं, त्यावर साहेबालाही डोकं चालवावं लागलं.

दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, असं मला वाटतं. शेंडाही न ठेवता दरवर्षी ओरबाडलं तर झाड खुरटतंच. जाळण्यात जमिनीतला सेंद्रिय अंशही जातो. आज राबाला पर्यायही आहेत. नेरळच्या सगुणा बागेतून आलेल्या एसआरटी पद्धतीत चिखलणी-लावणीच नाही, त्यामुळे राबाची गरजच पडत नाही.

पण खरा प्रश्न झाडाचा नव्हताच. कधी आणि किती छाटायचं हे कोणी ठरवायचं, हा होता. त्याच झाडाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने, की लाकडाचे घनफूट मोजणाऱ्याने? २००६ च्या वनहक्क कायद्याने हाच प्रश्न पुन्हा टेबलावर आणला आणि ग्रामसभेला त्यात बोलायला जागा दिली. सव्वाशे वर्षं लागली त्याला.

असो. माझ्या मोगऱ्याला मे महिन्यात भरपूर फुलं आली. आता छाटायच्या आधी पुस्तक उघडत नाही, झाडाकडे बघतो.