बेळगावच्या पाण्याची साक्ष

पाणी हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. ज्या भूमीतून ते आले, तिची हकीकत ते लपवीत नाही. निपाणी-चिकोडीकडील काळ्या रानातल्या विहिरीचे पाणी बहुधा जड असते. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बंबाच्या आत पांढरा थर धरतो. शालेय पुस्तके अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. काळ्या कातळातील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार त्यात उतरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उलटपक्षी बेळगाव शहर वसले आहे ते जांभ्या दगडावर. जांभ्यातील चुना युगानुयुगांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेला आहे. म्हणून त्यात खोदलेल्या विहिरींचे पाणी स्वभावतः हलके. गोमंतकीय वाचकांस हे निराळे सांगावयास नको. त्यांच्याकडील कितीतरी 'बांयी' याच दगडात खोदलेल्या आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माणसांच्या त्या वाटणीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो येथे चालवावयाचा नाही. परंतु खडकांची सीमा त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि घागरीतील पाण्याचा स्वभाव तिनेच ठरविला आहे. वेदगंगा व दूधगंगा कोल्हापूरच्या डोंगरांतून उतरून निपाणीच्या मुलखात येतात, त्या कोणास भाषा विचारून येत नाहीत.

बेळगावने विहिरींवर किती विश्वास टाकला होता, याचा उत्तम पुरावा टिळकवाडीत आजही उभा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने त्यासाठी 'विजयनगर' नावाची छावणीच वसविण्यात आली. हजारो पाहुण्यांना पाणी कोठून द्यावे, हा प्रश्न पडताच एक भव्य विहीर खोदण्यात आली व तिला 'पंपा सरोवर' हे नाव देण्यात आले. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणून ओळखतात.

पुढे १९६२ च्या सुमारास मार्कंडेय नदीवरील राकसकोपचे पाणी शहरास मिळू लागले, आणि त्यानंतर घटप्रभेवरील हिडकल जलाशयाचेही. नळ आला, ही सोय थोर खरीच. रहाट ओढणाऱ्या स्त्रियांचे हात त्याने सोडविले. परंतु नळाबरोबर एक विस्मरणही घरात शिरले. विहिरी केरकचऱ्याने भरल्या, कित्येक बुजल्या. १९९५ च्या टंचाईत नळ कोरडे पडू लागले तेव्हा शहरास या जुन्या विहिरी आठवल्या. त्यांचा गाळ उपसण्यात आला आणि काँग्रेस विहीरही पुन्हा उपयोगात आली. जिला आपण टाकून दिले तीच आपत्काळी उपयोगी पडली.

आता मुख्य मुद्दा. 'आमचे पाणी चांगले आहे काय?' असे विचारताना आपण दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो. जडपणा हा खडकाचा गुण आहे; त्यात कोणाचा अपराध नाही. दूषितपणा हा माणसाचा दोष आहे. भारतीय मानकानेही हा भेद स्पष्ट केला आहे. पिण्याच्या पाण्यातील एकूण जडपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, अशी सवलत ते देते. मैल्यातून येणाऱ्या ई. कोलाय जंतूंविषयी मात्र सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ते आढळताच कामा नयेत.

बेळगावच्या बाबतीत यातील मर्म असे की, जांभ्याच्या ज्या सच्छिद्रपणामुळे पाऊस सहज मुरून पाणी हलके राहते, त्याच छिद्रांतून शेजारचे गटारही विहिरीत उतरते. साबणाला फेस आला म्हणजे पाणी शुद्ध, हा समज येथे घातक ठरतो. नळाचीही तीच कथा. पाणी काही दिवसांआड सुटले की मधल्या काळात नळ्या रिकाम्या पडतात आणि फटींतून भोवतालची घाण आत ओढली जाते. २००८ पासून बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा येथील निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडच्या पाण्याची तुलना करणाऱ्या अभ्यासात अखंड वाहणाऱ्या नळांपेक्षा खंडित नळांत असे जंतू पुष्कळच अधिक वेळा सापडले. घराघरांत क्षार गाळणारे यंत्र बसविल्याने त्या घरापुरती निश्चिंती होईल. विहीर आणि नळी जशीच्या तशीच राहील.

कायद्याकडे पाहावे तर तोही अर्धवट आहे. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास, म्हणजे तेव्हाच्या बेळगावासही, लागू झाला. निश्चित प्रवाहाने न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत घेण्याचा हक्क त्याने जमीनमालकास दिला; ते निर्मळ राखण्याचे कर्तव्य मात्र त्या हक्काला जोडले नाही. पुढे सुभाष कुमार खटल्यात, १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणरहित पाणी हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. हक्क झाला, पण पाणी तपासल्यावाचून तो भंगला की नाही हे नागरिकाने कसे ओळखावे?

म्हणून मागणी फार मोठी नाही. शहरातील प्रत्येक सार्वजनिक विहिरीची नोंद व्हावी, विहिरींचे आणि नळांचे पाणी ठराविक मुदतीने तपासले जावे, आणि त्याचा निकाल मराठी व कानडी या दोन्ही भाषांत त्या त्या वस्तीत लावला जावा. साक्षीदार बोलावयास तयार आहे. त्याची जबानी लिहून घेणारा कारकून तेवढा नेमावयाचा आहे.