नारिंगी सदऱ्याची सुटी

कॅनडात दरवर्षी ३० सप्टेंबरला अनेक कार्यालयांत नारिंगी सदरे दिसतात. १९७३ मध्ये सहा वर्षांची फिलिस वेबस्टॅड ब्रिटिश कोलंबियातील सेंट जोसेफ मिशन निवासी शाळेत दाखल झाली. आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला; तो तिला पुन्हा मिळाला नाही. त्या आठवणीतून २०१३ मध्ये हा दिवस सुरू झाला.

सरकारी पैशांवर आणि मुख्यतः चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या या शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवले गेले. मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे तेथे शिकलेली व्यक्ती आज शेजारच्या टेबलावरही असू शकते.

सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ मधील ९४ शिफारशींपैकी ९२ वी उद्योगजगतासाठी आहे. प्रकल्पापूर्वी आदिवासींची संमती, नोकरी व प्रशिक्षणात न्याय्य संधी आणि व्यवस्थापकांसह कर्मचाऱ्यांना या इतिहासाचे शिक्षण, ही तिची मागणी. सदऱ्यांचा उल्लेख तीत नाही.

२०२१ पासून बँका, विमान कंपन्या अशा केंद्रीय कायद्याखालील आस्थापनांत या दिवशी भरपगारी सुटी असते. तेथील मराठी कर्मचाऱ्यांनाही ती लागू आहे. कार्यालयातील कार्यक्रमात आदिवासी सहकाऱ्याला अनुभव सांगण्याची गळ मात्र घालू नये. बोलायचे की नाही, हे त्यानेच ठरवायचे.